वाचनालयात जुना परदेशी चित्रपट दाखवावा का?

प्रश्न : आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात कापूसवेचणी आटोपल्यावर 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन चित्रपट पडद्यावर दाखवण्याचा विचार आहे. एका ऑनलाइन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो मोफत दिसतो. तरीही परवानगी लागेल का? – एक ग्रंथपाल, जि. वर्धा

उत्तर : सायकलीवर पोट असणाऱ्या मजुराची ही गोष्ट आपल्या गावाने पाहावी, असे मलाही मनापासून वाटते. परंतु संकेतस्थळावर चित्रपट मोफत दिसतो, एवढ्यावरून तो मुक्त झाला असे धरू नये. अशा ठिकाणी पुष्कळदा वापरकर्तेच चित्रपट टाकतात आणि त्यांचे हक्क तपासलेले असतातच असे नाही.

1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क, तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. हा चित्रपट 1948 चा असल्याने चित्रपट म्हणून त्याचा येथील हक्क 2008 अखेर संपला. मात्र पटकथेचा हक्क वेगळा असून तो लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो, आणि प्रमुख पटकथाकार चेझारे झावात्तिनी 1989 मध्ये वारले. त्यावरची इंग्रजी उपशीर्षकेही कोणीतरी नव्याने लिहिलेली असतात. म्हणून परवानगीशिवाय गावभर निमंत्रण देऊन हा खेळ लावू नये, असे माझे मत आहे.

यातून एक सरळ वाट निघते. कायद्याच्या कलम 52 नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात, केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्तींपुढे चित्रपट दाखवल्यास हक्कभंग होत नाही. वाचनालय शिक्षणसंस्थेत मोडत नाही. तेव्हा गावातील जिल्हा परिषद शाळेने हा उपक्रम स्वतः घ्यावा आणि प्रत रीतसर विकत आणलेली असावी.

सर्व गावासाठी मात्र जॉर्ज मेलिएस यांचा 1902 चा 'अ ट्रिप टू द मून' हा मूकपट निवडावा. मेलिएस 1938 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या लेखनाचाही येथील हक्क संपला आहे. तो जेमतेम पाव तासाचा आहे आणि भाषेची अडचण नसल्याने आजीपासून नातवापर्यंत सर्वांना समजेल. फक्त 2011 मध्ये पुढे आलेल्या रंगीत प्रतीवर नवे संगीत आहे. ते टाळून जुनी कृष्णधवल प्रत घ्यावी आणि पेटी-तबला गावातल्याच भजनी मंडळाकडून वाजवून घ्यावा. सार्वजनिक खेळासाठी चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न कॉपीराइटहून वेगळा आहे. त्याची चौकशी तहसील कार्यालयात आधीच करून ठेवावी.