थिअरीत पीएचडी करून प्राध्यापक व्हावं का? – माझं उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटरला आहेस, सगळा वर्ग ज्या टीओसीला (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, म्हणजे संगणकाला काय जमतं आणि काय नाही याचं गणित) घाबरतो तो विषय तुला मनापासून आवडलाय, पुढच्या वर्षी प्लेसमेंट सुरू होतील, आणि बाबा म्हणतात की हातची नोकरी सोडून पाच-सहा वर्षं कागद-पेन घेऊन बसण्यात काय हशील. तू तीन गोष्टी विचारल्यास: तेवढी हुशारी आपल्यात आहे का हे कसं कळणार, पोट भरेल का, आणि एआयच्या काळात या विषयाला अर्थ उरलाय का. मी १९ वर्षं हाच विषय शिकवतेय आणि यातच संशोधन करतेय. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

हुशारीचं आधी. याच एका शंकेपायी चांगली चांगली मुलं मागे फिरताना मी पाहिलीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी आणि माझ्या गाइडनी एक प्रमेय सिद्ध केलं, निदान आम्हाला तसं वाटलं. ग्राफवरचं होतं, म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, ज्यांना कडा म्हणतात. ग्राफ अखंड, म्हणजे कुठल्याही बिंदूपासून कुठल्याही बिंदूपर्यंत कडांवरून जाता येतं. युक्तिवाद इंडक्शनचा: सर्वांत जास्त कडा असलेला बिंदू काढायचा, उरलेल्या लहान ग्राफसाठी प्रमेय खरं धरायचं, मग बिंदू परत बसवून हिशोब जुळवायचा. १४ पानं झाली. कॉन्फरन्सला पाठवायच्या आदल्या आठवड्यात सरांनी मला सगळं पुन्हा फळ्यावर करायला लावलं. चौथ्या पानापर्यंत आले तेव्हा त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि कोपऱ्यात एक चांदणी काढली. मध्ये एक बिंदू, भोवती सहा, प्रत्येक जण फक्त मधल्याला जोडलेला. "आता मधला काढ," एवढंच म्हणाले.

मधला काढला की सहा सुटे बिंदू उरतात. अखंड ग्राफ उरतच नाही, मग इंडक्शन लावणार कशाला? ते पान आम्ही दोघांनी वीस वेळा तरी वाचलं असेल. "उरलेला ग्राफ अखंड आहे" हे वाक्य आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं, ते न लिहिता आत शिरलं होतं. आता, कुठल्याही अखंड ग्राफमध्ये असा एखादा बिंदू सापडतोच की जो काढला तरी ग्राफ तुटत नाही. पण आमच्या हिशोबाला तो उपयोगाचा नव्हता, आम्हाला सर्वांत जास्त कडांचाच हवा होता. पुढचे सात महिने त्या एका भोकाला ठिगळ लावण्यात गेले. शेवटी जे प्रमेय हाती राहिलं ते मूळच्यापेक्षा बरंच कमजोर होतं. तेच माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण.

आणि हे नवशिक्यांचंच होतं असं समजू नकोस. लास्लो बाबाई हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. दोन ग्राफ एकसारखे आहेत का, हे ओळखायची आधीच्या सगळ्यांपेक्षा कितीतरी वेगवान पद्धत त्यांनी २०१५ च्या अखेरीस मांडली. जगभर ती बारकाईने वाचली गेली, आणि जानेवारी २०१७ मध्ये हेराल्ड हेल्फगॉट यांना त्यात चूक सापडली. बाबाईंनी ती उघडपणे मान्य केली, दावा मागे घेतला, आणि काही दिवसांतच दुरुस्ती करून पुन्हा मांडला. मी दर वर्षी पीएचडीच्या नव्या मुलांना ही हकिकत सांगते. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायचे आणि फळ्याकडे परत जायचं, ही आमच्या कामाची रीतच आहे.

म्हणून स्वतःला जोखायचं तर मार्कांवरून जोखू नकोस. एक प्रश्न तीन आठवडे सुटला नाही तर तुझं काय होतं ते बघ. आंघोळ करताना, बसमध्ये तो डोक्यात येतो का? अडकलेली असतानाही परत त्याच पानावर जावंसं वाटतं का? ज्यांना वाटतं ती मुलं टिकतात. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत वरच्या शंभरात आलेली मुलंही सोडून गेलेली मी पाहिलीत, आणि छोट्या गावच्या कॉलेजातून आलेली, इंग्रजीत बोलायला बिचकणारी मुलं उत्तम संशोधक झालेलीही पाहिलीत.

आता शिकवण्याबद्दल, कारण तू "संशोधन" हा शब्द सहा वेळा वापरलास आणि "शिकवणं" एकदाही नाही. या पेशात ती अर्धी भाकरी आहे, आणि माझ्यासाठी तरी जास्त गोड अर्धी. संशोधनात महिनोन्महिने हाती काही लागत नाही, पण मंगळवारी सकाळी नऊला साठ मुलं समोर असतातच.

टीओसीतल्या पंपिंग लेमाचंच घे, एखादी भाषा रेग्युलर नाही हे दाखवायचं ते हत्यार. मुलं का अडकतात? मला हे कळायला चार वर्षं लागली. आधी काही "अ" आणि मग तितकेच "ब", ही भाषा रेग्युलर नाही, म्हणजे मोजकेच स्टेट्स (अवस्था) असलेल्या यंत्राला ती ओळखता येत नाही, हे दाखवायचं असतं. मुलगा उत्साहाने फळ्यावर येतो, शब्द घेतो, त्याचे स्वतःच्या सोयीने तीन तुकडे पाडतो, मधला वाढवतो आणि म्हणतो, झालं. झालेलं काहीच नसतं, कारण तुकडे पाडायचा हक्क त्याचा नाहीच. तेव्हापासून मी वर्गात दोघांना समोरासमोर बसवते. पहिला आकडा सांगतो, दुसरा भाषेतलाच, निदान तेवढा लांब शब्द निवडतो, तुकडे पहिला पाडतो (मधला रिकामा नको, आणि पहिले दोन मिळून त्या आकड्यापेक्षा लांब नकोत) आणि मधला तुकडा किती वेळा घ्यायचा ते दुसरा ठरवतो. शब्द भाषेबाहेर गेला की दुसरा जिंकला. दोन डाव झाले की मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, "अहो मॅडम, पण सुरुवातीला तेवढे अ घेतले तर त्याने तुकडे कसेही पाडले तरी मधल्यात अ-च येणार!" बस, तोच पुरावा. तो आवाज ऐकण्यासाठी मी दर वर्षी नऊचा तास मागून घेते.

शिकवायची आवड नसेल तर मात्र या वाटेला येऊ नकोस, हे स्पष्ट सांगते. निव्वळ संशोधनाच्या जागा फार थोड्या आहेत.

जागांवरून व्यवहाराचं बोलू. भारतात थिअरीसाठी मुंबईत कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पवईची आयआयटी, चेन्नईत आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) आणि सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट), बंगळुरूची आयआयएससी, शिवाय इतर काही आयआयटी. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा असते, आयएमएससीला जेस्ट या सामायिक प्रवेश परीक्षेचा थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्सचा पेपर चालतो, आयआयटी आणि आयआयएससीला गेट. पीएचडीला पाच-सहा वर्षं धर. सरकारी फेलोशिप जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० आहे, वर घरभाडं किंवा हॉस्टेल. त्यानंतर बहुतेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, करावं लागतं, अनेकदा परदेशात, वर्षा-दोन वर्षांच्या करारावर. म्हणजे कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उलटलेली असते, आणि तुझ्या बॅचची मुलं तोवर फ्लॅटचे निम्मे हप्ते फेडून बसलेली असतात. बाबांची काळजी खरी आहे, ती झटकून टाकू नकोस. त्यांच्यासमोर हेच आकडे ठेव. घरावर कर्ज असेल किंवा धाकट्या भावंडाचं शिक्षण तुझ्यावर असेल तर दोन वर्षं नोकरी करून मग येण्यात काहीही कमीपणा नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तसं केलं, दोघांचं छान झालं.

एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही. संशोधन संस्थेत किंवा आयआयटीत सत्राला साधारण एखादा विषय शिकवायचा असतो. साध्या कॉलेजात सहायक प्राध्यापकाला यूजीसीच्या नियमाने आठवड्याला १६ तास, वर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, परीक्षेचं काम, ॲडमिशनची ड्युटी. पीएचडी करून तिथे रुजू झालेल्यांचं संशोधन दोन वर्षांत बंद पडतं आणि लोक म्हणतात त्यांच्यातच दम नव्हता. मला याचा संताप येतो. मी स्वतः पहिली चार वर्षं अशाच एका कॉलेजात काढली. बढतीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "तुमचं नाव पेपरवर तिसरं का? मुख्य काम दुसऱ्याचं होतं का?" थिअरीत नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात, हे मी समजावून सांगितलं. थिअरीतलं उत्तम काम आधी कॉन्फरन्समध्ये येतं, हेही सांगितलं. त्यांच्या तक्त्यात कॉन्फरन्सला रकानाच नव्हता. आमच्याकडच्या समित्यांनी हे समजून घेतलं पाहिजे, यासाठी मी आजही पत्रं लिहिते. तू कुठेही अर्ज करशील तेव्हा प्रत्येक पेपरखाली "लेखक वर्णक्रमाने" ही ओळ आठवणीने घाल.

एआय आणि उपयोगाचं थोडक्यात. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच बीटेक झालेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी दाखवलं की एखादी संख्या मूळ आहे का हे नशिबावर काहीही न सोडता, वाजवी वेळात ठरवता येतं. तरीही प्रत्यक्षात आजही यादृच्छिक, म्हणजे नशिबाचा आधार घेणाऱ्या, चाचण्याच वापरतात, कारण त्या जास्त वेगवान आहेत. मग या कामाचा उपयोग काय? अनेक वर्षं अडलेलं एक दार उघडलं, आणि "नशीब काढून टाकता येतं का" या मोठ्या प्रश्नाला एक खणखणीत उदाहरण मिळालं. उलट बाजूला आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर. त्यांची १९८४ ची लिनिअर प्रोग्रॅमिंगची (ठरावीक मर्यादांत सर्वांत फायद्याचा पर्याय शोधायच्या गणिताची) पद्धत, आणि त्यातून वाढलेलं इंटिरिअर पॉइंट पद्धतींचं घराणं, आज उद्योगात रोज वापरात आहे. कुठलं काम कुठे जाईल हे करतेवेळी कळत नाही.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. तेव्हा आयआयटी मुंबईत शिकवत असलेल्या नूतन लिमये आणि तिथेच शिकवलेले श्रीकांत श्रीनिवासन यांनी सेबास्तियाँ ताव्हेनास यांच्याबरोबर २०२१ मध्ये बीजगणिती सर्किटांवर (बेरीज-गुणाकाराच्या पायऱ्यांनी बहुपदी काढायच्या नमुन्यांवर) जो निकाल दिला, त्याची वाट हे क्षेत्र कित्येक वर्षं पाहत होतं. फॉक्स या थिअरीच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये त्याला सर्वोत्तम पेपरचा मान मिळाला. एआयची साधनं मीही वापरते. ती सिद्धता झरझर लिहून देतात, भाषाही अगदी ठाम असते, आणि चौथ्या पानावर कुठेतरी न लिहिलेलं "ग्राफ अखंड राहतो" बसलेलं असू शकतं. चांदणी काढणारं कोणीतरी लागतंच.

आत्ता काय करशील? डिसेंबरमध्ये एफएसटीटीसीएस ही थिअरीची कॉन्फरन्स असते, १९८१ पासून भारतात भरते. जमलं तर जा, समजलं नाही तरी मागे बसून ऐक, चहाच्या वेळी लोकांशी बोल. टीआयएफआरच्या व्हीएसआरपी या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन कार्यक्रमाला अर्ज कर, उन्हाळ्यात तिथे राहून काम करता येतं. प्लेसमेंटलाही बस, त्याने काही बिघडत नाही.

आणि तू शेवटी जाता जाता लिहिलंस की लेमा शिकायच्या आधीच तू ती अ-ब ची भाषा रेग्युलर नसल्याचं स्वतः दाखवलं होतंस, "नुसते स्टेट्स मोजून". मला वाटतं तू असं केलं असशील: स्टेट्स मोजकेच, अ च्या रांगा हव्या तितक्या, म्हणून दोन वेगळ्या लांबीच्या रांगा एकाच स्टेटला येऊन थांबणार. त्यापुढचं तू कसं मांडलंस ते मला बघायचंय. दोन पानांत नीट लिहून इथेच टाक, एकही पायरी "उघड आहे" म्हणून सोडू नकोस. शुक्रवारी दुपारी मला तास नसतो, तेव्हा वाचते.