हरभऱ्याची मर: आधी फेरपालट बघा, ट्रायकोडर्माची कंपनी नंतर

राम राम दादा. सेंद्रिय गटात तुमचं चौथं वर्ष, खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा आणि यंदा हरभरा जागोजागी उधळतोय, म्हणजे मर लागून झाडं वाळताहेत. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) कोणत्या कंपनीचा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. आमच्या रानात हेच झालं होतं. शेणखत, बीजप्रक्रिया तुम्ही करताच असणार, त्यावर लिहीत नाही.

आधी मर कोणती ते बघा. चार झाडं मुळासकट उपटा, खोड ब्लेडने उभं चिरा. आत काळपट रेघ दिसली तर ती फ्युजॅरियम या जमिनीतल्या बुरशीची मर. रोपावस्थेतच बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे असतील तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी. ती सोयाबीनवरही येते आणि अर्धवट कुजलेल्या भुसकटावर पोसते. फुलोऱ्यानंतर उन्हाच्या तडाख्यात झाड वाळलं आणि ओढताना सोटमूळ मोडून जमिनीतच राहिलं तर कोरडी मूळकुज. फ्युजॅरियम हरभरा नसतानाही जमिनीत ६ वर्षं तग धरते, त्यामुळे एका वर्षाच्या खंडाने ती जात नाही. विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ ही मरीला दाद न देणारी वाणं आहेत, पण फक्त वाणाच्या भरवशावर राहू नका.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान बुरशीने नाही, प्रमाणीकरणाच्या कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. तपासणीला आलेला माणूस फेरपालटाच्या रकान्यात 'द्विदल आहे' अशी खूण करून बांधावरूनच परत जायचा. अहो, सोयाबीनही द्विदल आणि हरभराही द्विदल, मग पालट कसली? मरीमुळे आम्ही जमिनीच्या एका गटात (गट नंबरात) ज्वारी-तूर घ्यायचं ठरवलं, पेरणीआधी लेखी अर्ज दिला. त्यांनी पोच दिली नाही, यादीत पीक बदललं नाही, आणि माल निघाल्यावर म्हणाले, नोंद सोयाबीनची आहे, टीसी (सेंद्रिय माल विकताना लागणारा दाखला, ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट) मिळणार नाही. टीसीशिवाय सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, त्यामुळे अख्खा माल आडतीत साध्या भावाने गेला. जमीन सुधारायला निघालेल्या शेतकऱ्यालाच दंड बसतो, याचा राग अजून जात नाही. म्हणून कळकळीने सांगतो, पीक आराखड्यात प्रत्येक गटापुढे पर्यायी पीक आत्ताच लिहून घ्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आता माझं मत; आमची जमीन भारी काळी आहे, हलक्या रानाला हे जसंच्या तसं लागू करू नका. रानाचे चार भाग करा. मर जास्त असलेल्या भागात हरभरा जितकी वर्षं लांबवता येईल तितका लांबवा. तिथे खरिपाला ज्वारीत तूर घ्या, ज्वारीच्या संगतीत तुरीची मरही कमी राहते. पुढच्या वर्षी मूग-उडीद काढून रब्बी ज्वारी, त्यानंतर सोयाबीन आणि करडई. ज्वारीचं क्षेत्र वाढलं की पाखरं आणि डुकरं येतात, राखण लागते, हे धरूनच चाला. करडईला भाव कमी मिळतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण तिच्या काट्यांमुळे जनावर सहसा आत शिरत नाही. हरभऱ्याच्या कडेनेही चार ओळी टाकून बघा. आणि सोयाबीनचं कच्चं भुसकट हरभऱ्याच्या तोंडावर रानात गाडू नका, खड्ड्यात पूर्ण कुजवूनच घाला.

खोड चिरल्यावर काय दिसलं ते फोटोसह टाका, म्हणजे पुढच्या खरिपात कोणत्या गटात काय घ्यावं ते नेमकं सांगता येईल.