कोरा हात राहू दे, आधी त्या दोघींचे हात बघ

"अक्का, मी खानापूर तालुक्यातली, वय 22. बेळगावात टिळकवाडीला एका दादांकडे टॅटू काढायला शिकते, पाच महिने झाले. माझ्या अंगावर एकही टॅटू नाही. दादा काही बोलत नाहीत, पण सोबतची मुलं म्हणतात, 'कोऱ्या हाताची ही, दुसऱ्याला काय टोचणार?' आई म्हणते, एक जरी काढलास तर घरात घेणार नाही. माझी चित्रकला चांगली आहे. सरावासाठी ऑनलाइन मशीन मागवली आणि दोन महिन्यांपूर्वी घरीच मैत्रिणीच्या मनगटावर फूल काढलं, मग लगेच तिच्या बहिणीच्या. ती पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. सुई मध्ये डेटॉलने पुसून घेतली होती. बहिणीचं जरा सुजलंतं, आता बरं आहे. मी स्वतः गोंदवून घेऊ की नको, तेवढं सांगा."

पोरी, कोऱ्या हाताने हे काम शिकता येतं. रेघ सरळ येते ती सरावाने. सुई कातडीत एक-दोन मिलिमीटरच उतरली पाहिजे. खोल गेली की शाई आत पसरते आणि रेघेच्या कडा फुटतात. तो अंदाज हाताला यायला आधी वही, मग संत्र्याची साल, मग सरावाची नकली कातडी, असे कितीतरी महिने जातात. कुठे किती दुखतं ते स्वतःवर कळावं म्हणून कुणी गोंदवून घेतं, त्यात वावगं काही नाही. पण टोमणे बंद व्हावेत म्हणून जन्मभराची खूण करून घेऊ नकोस. तुझा प्रश्न इथे संपला.

माझा सुरू होतो तो 'सुई मध्ये डेटॉलने पुसून घेतली होती' या वाक्यापाशी. ते मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मला तुझा राग आला.

एकीच्या रक्तात बुडालेली सुई तू दुसरीच्या कातडीत घातलीस. हिपॅटायटिस बी हा काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, सात दिवस तग धरू शकतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीही सुईतून जातात. असली सुई पुसून शुद्ध होत नाही. ती एकदाच वापरायची आणि टाकून द्यायची. परत वापरायचं जे अवजार असेल ते ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांच्या वाफेत दाबाखाली ठेवावं लागतं. पाच महिन्यांत दादांकडे तू हे पाहिलं नसशील असं मला वाटत नाही. आणि हा घरचा उद्योग त्यांना सांगितल्याचं पत्रात कुठेच नाही.

माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेत गोंदलेली. कन्नड बायका त्याला हच्चे म्हणायच्या. दिव्याची काजळी, दोन-तीन सुया एकत्र बांधलेल्या, वरून हळद. रांगेतल्या सगळ्या बायकांना त्याच सुया. ते हिरवे हात मला फार प्रिय आहेत. मी लहानपणी त्या तुळशीची पानं मोजत झोपायची. पण त्या रांगेतून कोण कसला आजार घेऊन घरी गेली, हे कुणी मोजलं नाही. गोंदणारीला विषाणू ठाऊक नव्हता. तुला शिकवलं आहे, म्हणून तिला मिळते ती माफी मी तुला देणार नाही.

'जरा सुजलंतं' म्हणून तू पुढे गेलीस. ज्या आजाराची मला भीती वाटते त्यात मनगट सुजत नाही. सूज उतरल्याने काही सिद्ध होत नाही.

आणि ती धाकटी. पीयूसीचं पहिलं वर्ष म्हणजे सोळा-सतरा. तिच्या आईला विचारलं होतंस?

म्हणून एकच सांगते. या रविवारी त्यांच्या घरी जा. फोन करू नकोस, मेसेज तर नकोच. आई घरात असताना जा आणि मुलींच्या देखत तिला सांग, 'काकू, मी एकाच सुईने दोघींना गोंदलं.' ती ओरडेल, तुझ्या आईपर्यंत बोल जाईल. जाऊ दे. सोमवारी सकाळी दोघींना घेऊन बेळगावच्या सिव्हिलला जा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तिन्हींची तपासणी करायला सांग. डॉक्टर पुन्हा बोलावतील तेव्हाही तूच सोबत जा. पहिल्या आठवड्यांत हे आजार रक्तात दिसतातच असं नाही, म्हणून एक तपासणी बहुतेक पुरायची नाही. हिपॅटायटिस बीची लस कुणी घेतली आहे, तेही तिथेच विचारा. देशभरातल्या सरकारी लसीकरणात ती 2011 मध्ये आली, तुम्ही तिघी त्याच्या आधीच्या. तू स्वतः तिचे तीन डोस सुरू कर, आज, पहिल्या महिन्यानंतर आणि सहाव्या महिन्यात. रोज परक्यांच्या रक्ताजवळ बसणाऱ्याला ती हवीच.

संध्याकाळी टिळकवाडीला जाऊन दादांना सगळं सांग. ते काढून टाकतील अशी भीती तुला वाटेल. टाकलंच तर मला लिही, दुसरीकडे शब्द टाकायला मी तुझ्या बाजूने उभी राहीन. फक्त त्या काकूंना आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

मशीन घरात ठेवू नकोस. आणि सिव्हिलला जाताना ती शाईची बाटली पिशवीत टाक, डॉक्टर विचारतील.