शाळा कधीची आणि इमारत कधीची?

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या झेडपी शाळेची जुनी कौलारू इमारत निर्लेखनात (म्हणजे मोडीत काढून पाडायला) निघालीय, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय. गावात सगळे म्हणतात शाळा शाहू महाराजांनी बांधली, पण जनरल रजिस्टरात (पोरांच्या दाखल्याच्या वहीत) पहिली नोंद 1931 ची निघाली आणि आजोबा म्हणतात, दगड आमच्या वडलांनी बैलगाडीनं आणले. नेमकं काय छापू? – एक वाचक, भुदरगड तालुका

उत्तर : अहो, तिन्ही गोष्टी एकमेकीच्या आड येतच नाहीत, घोळ होतो तो शाळा आणि इमारत एकच धरल्यामुळं. महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला 1917 मध्ये, पोरगं शाळेत नाही धाडलं तर बापाला महिन्याला 1 रुपया दंड, आणि 1918 मध्ये करवीरातल्या चिखलीला त्या कायद्याखालची पहिली शाळा निघाली. पण तेव्हा गावोगाव इमारती कुठल्या? देवळात, चावडीत, धर्मशाळेत, मिळेल त्या ओसरीवर वर्ग भरायचे. महाराज गेले मे 1922 मध्ये. म्हणजे शाळा त्यांच्या काळात देवळात सुरू झाली असेल आणि इमारत नंतर गावानं उभी केली असेल, असं सहज होऊ शकतं. पण कागद हातात येईपर्यंत 'महाराजांनी बांधली' असं छापू नका, प्लीज.

आता रजिस्टर परत उघडा आणि पहिल्या नोंदीचा अनुक्रमांक बघा. 1 असेल तर ठीक, पण 140-150 असा काही असेल तर आधीचं एक रजिस्टर होतं आणि ते हरवलंय किंवा कपाटामागं पडलंय. पोरं कुठल्या इयत्तेत दाखल झालीत तेही बघा, पहिल्याच पानावर तिसरी-चौथीतली पोरं दिसली तर ती आधी कुठंतरी शिकतच होती ना! जन्मतारखांवर मात्र जाऊ नका, निम्मा गाव 1 जूनला जन्मलेला निघेल, ती गुरुजींची कृपा. जुनी पानं मोडीत असली तर घाबरू नका, मोडी वाचणारे कोल्हापुरात भेटतात.

शेरेबुक, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायची वही, मिळालं तर सोनंच, तपासायला आलेल्या साहेबानं 'इमारत नाही, वर्ग देवळात' असं लिहिलेलं असू शकतं. पुढं कोल्हापूरच्या पुरालेखागारात (जुने सरकारी कागद जपतात तिथं) जाऊन कोल्हापूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे कागद विचारा. तुमचं भुदरगड संस्थानातच होतं म्हणून हे सांगतेय, हेच चंदगडवाल्यांनी विचारलं असतं तर त्यांना बेळगावकडं धाडलं असतं, कारण तो तालुका 1956 पर्यंत त्या जिल्ह्यात होता.

आजोबांचं बोलणं मोबाईलवर आजच रेकॉर्ड करा, दगड कुठल्या खाणीतला, गाड्या कुणाकुणाच्या, जेवण कुणी घातलं, सगळं विचारा, कागदात हे कधीच सापडणार नाही. आणि जेसीबी यायच्या आधी छपरावरची दोन-चार कौलं उतरवून उलटी करून बघा, बऱ्याच मंगलोरी कौलांवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, त्यावरून छपराच्या काळाचा माग लागू शकतो. एक चांगलं कौल नव्या इमारतीत ठेवायला बाजूला काढा.