टीएसएच सारखा वर-खाली होत असेल तर डोसआधी वेळ बघा

सुदामा नगरच्या ताई, दोन महिन्यांत तीनदा थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला, तरी टीएसएच (डोस ठरवायला बघतात तो रक्तातला आकडा) आधी १२, म्हणजे जास्त, आणि आता ०.२, म्हणजे कमी, वर हात थरथरतात, हे तुमचं वाचलं आणि माझं जुनं दुखणंच समोर आलं. मी डॉक्टर नाही. छातीत धडधड वाढत असेल तर आधी दाखवून या, हे नंतर वाचा.

थायरॉइडचं प्राथमिक तुम्हाला ठाऊक आहेच: गोळीतून थायरॉक्सिन हे थायरॉइडचं संप्रेरक मिळतं; ते कमी पडलं की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच वाढवते, जास्त झालं की घटवते. मला चीड आहे ती घाईची. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, म्हणून नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. ते बघून टीएसएच कमी-जास्त करणारी पिट्यूटरी त्याहून सावकाश. तिसऱ्या आठवड्यातल्या रिपोर्टवर डोस बदलणं म्हणजे अर्ध्या शिजलेल्या भातात मीठ वाढवत राहणं.

इथल्याच एका दवाखान्यात माझं हेच चाललं होतं. रिपोर्ट काउंटरवर द्यायचा, आतून चिठ्ठीवर नवा आकडा यायचा: ५०, १००, परत ७५ मायक्रोग्रॅम. डॉक्टरांशी बोलायचंय म्हटलं की 'नंबर लावा'. आणखी काय घेता, हे एकानेही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, त्यांच्याच चिठ्ठीवर होतं: थायरॉइडची गोळी, सकाळी १, खाली लोहाची गोळी, सकाळी १! लोह पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, ते नीट शोषलं जात नाही. मग टीएसएच चढला, डोस वाढवला. लोहाचा कोर्स संपला आणि तोच मोठा डोस पुरता अंगी लागला. थरथर, घाम, झोप नाही. वर्ष गेलं त्यात. दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघताच त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

तेव्हा तुमच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर वेळेसकट लिहून न्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. पुढे अर्धा-एक तास चहा नाही, पोहे नाहीत. लोह, कॅल्शियम चार तासांनी. डोस मात्र स्वतःहून कमी करू नका.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा, काही तपासण्यांत त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो. आणि दिवस राहिले असतील तर सहा आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. तेव्हा थायरॉक्सिनची गरज सुरुवातीपासूनच वाढते.