डोरिस ड्यूक या श्रीमंत अमेरिकन वारसदारणीच्या बंगल्यात खरंच उंट राहायचे का?

हो, खरं आहे. प्रिन्सेस आणि बेबी नावाच्या दोन सांडण्या. वडील १९२५ मध्ये वारले तेव्हा डोरिस अवघी बारा वर्षांची होती आणि तंबाखूच्या धंद्यातली अफाट दौलत तिच्या वाट्याला आली. पुढे १९८०च्या दशकाच्या शेवटी तिने एका व्यापाऱ्याकडून बोइंग ७३७ विमान घेतलं, त्या सौद्यात या दोघी आल्या. उन्हाळ्यात त्या तिच्या न्यूपोर्टच्या समुद्रकाठच्या 'रफ पॉइंट' बंगल्याच्या हिरवळीवर मोकळ्या चरायच्या.

१९९१ मध्ये तिथे 'बॉब' नावाचं चक्रीवादळ आलं. तेव्हा तिने दोघींना सरळ घरात घेतलं, काचेच्या तावदानांच्या उन्हाच्या खोलीत. लोकांना हा श्रीमंतीचा लहरीपणा वाटतो, मला अजिबात वाटत नाही. आमचं गाव शहाद्याकडे, तापीच्या काठी. पूर चढला की आजी आधी गाय-वासरू ओसरीवर घ्यायची आणि मग धान्याच्या कोठीकडे वळायची. शेणामुतानं ओसरी भरायची, पण रात्रभर गाय हंबरली नाही यातच तिला समाधान. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारी माणसंही आधी दारात त्याची सावली तयार करतात, मग पैसे मोजतात.

डोरिस १९९३ मध्ये गेली. मूलबाळ जवळ नव्हतं, घरात कुत्री मात्र भरपूर, आणि मृत्युपत्रात तिने त्यांच्यासाठीही पैसे ठेवले होते. तो बंगला आज संग्रहालय आहे, आणि हिरवळीवर झुडपं कातरून केलेले दोन उंट उभे आहेत.