पुण्याजवळच्या डोंगरावरील वेधशाळेतून आकाशगंगेचा फोटो काढायचाय. कोणता कॅमेरा घ्यावा?

गिरवलीबद्दल विचारताय असं धरतो. कॅमेरा राहू द्या, आधी जागा बदला.

ती आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची वेधशाळा, २००६ साली सुरू झालेली, २ मीटर आरशाची दुर्बीण. तिथे संशोधन चालतं. ट्रायपॉड उचलला आणि गेलो, असं होत नाही.

आमचे दाजी मात्र तसेच निघाले होते. मार्चची अमावस्या. मी पुण्याच्या दक्षिणेचं, भोरजवळचं रायरेश्वराचं पठार म्हणत होतो. दाजी म्हणाले, "अरे, एवढ्या शास्त्रज्ञांनी जागा शोधलीय, तू त्यांच्यापेक्षा शहाणा का?" जावई बोलला की आमच्या घरात मतदान संपतं. गेलो. वेधशाळेच्या बऱ्याच अलीकडे एका माळावर गाडी लावली.

पहाटे चारला वृश्चिक-धनू चांगले वर आले. दाजींनी तीस सेकंदांचा फोटो काढला. स्क्रीनचा खालचा अर्धा भाग केशरी. होणारच! आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सर्वांत ठळक भाग, याच राशींत, आपल्याला दक्षिणेकडे दिसतो, आणि गिरवलीच्या दक्षिणेला चाकण, भोसरी, अख्खं पुणे. दुर्बिणीचं यात फार अडत नाही, ती आकाशाचा नखाएवढा तुकडा बघते, तोही बराच वरचा. आपली १८ एमएमची लेन्स क्षितिजासकट सगळं गिळते. शास्त्रज्ञ चुकले नव्हते, दाजी चुकले होते.

फोटो झूम केला तर तारे जिऱ्यासारखे लांबुळके. म्हटलं, "दाजी, ५०० भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, तेवढेच सेकंद; क्रॉप म्हणजे छोटा सेन्सर असेल तर आणखी दीडने भागा. १८ सेकंदांच्या वर जाऊ नका." तर म्हणे, "ते तुझ्या जुन्या डब्याचं गणित." त्यांचाही क्रॉपच होता, फक्त सव्वा लाखाचा.

पुढच्या अमावस्येला मी एकटा रायरेश्वरला गेलो. लोखंडी शिडी चढून वर, रात्री पठारावरच्या एका घरी पिठलं-भाकरी. पुण्याचा उजेड पाठीमागे. तोच जुना डबा, १८-५५ची किट लेन्स, आयएसओ ३२००. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, एक ठळक तारा मोठा करून, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत हाताने फोकस केला आणि रिंगवर डॉक्टरी चिकटपट्टी मारली, कारण अंधारात बोट लागून ती हलते. गाभ्यातले काळे धुळीचे पट्टेसुद्धा आले.

हां, ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं हवी असतील तर गिरवलीची बाजूच बरी, तोंड उत्तरेला राहतं. आणि जून ते सप्टेंबर नाद सोडा.

कॅमेरा? मॅन्युअल मोड असलेला, घरात आहे तो.

दाजींनी त्यांचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. पाहुण्यांना सांगतात, खाली तांबडं फुटतंय.